मताची पावती कोण देणार?

मंडळी, गेले तीन वीकांत इथे शुकशुकाट होता. या वेळी कारण आळस नाही. आम्ही तिघं मिळून एक संस्थळ बांधतोय. युरोव्हिजन आणि तिच्यासारख्या देशादेशांमधल्या गाण्याच्या स्पर्धांच्या बातम्या, नियम, निकाल आणि मतांचे तक्ते, सगळं मराठीतून. तिघांतले दोघे सॉफ्टवेअरवाले, तिसरा बँकेत आहे आणि आकड्यांचा किडा आहे. हेडऑफिस म्हणजे काळाचौकीला अभ्युदय नगरमधल्या एका घराची बाहेरची खोली, वेळ शनिवार-रविवारची, भांडवल चहा.

ही बातमी बाहेर फुटली आणि फुकट सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. तळमजल्यावरचे काका म्हणाले, "तुमचा काय संबंध रे त्या युरोपशी?" एका मित्राने "असल्या स्पर्धांत गाणं असतं कुठे" म्हणून नाक मुरडलं. हापिसातल्या एकाने पहिला प्रश्न विचारला, "मॉनेटाइज कसं करणार?" आणि एका वर्तमानपत्रात काम केलेल्या ओळखीच्या बाईंनी सगळ्यात शांतपणे सगळ्यात टोकदार वाक्य ऐकवलं: "चाहते बातम्या देत नाहीत, प्रचार करतात."

चौघांनाही तोंडावर उत्तर देता आलं नाही, कारण प्रत्येक वेळी हातात चहाचा कप होता. म्हणून इथे देतोय. थोडा तापून लिहितोय, सांभाळून घ्या. नाही घेतलंत तरी चालेल.

आधी "तुमचा काय संबंध".

वर्ल्ड कपच्या दिवसांत मेस्सीचं नाव पाठीवर घालून कॉटन ग्रीन स्टेशनवर उभ्या राहणाऱ्या पोराला कोणी विचारत नाही, की बाबा रे, तुझे रोझारिओत कोण नातेवाईक राहतात? मग गाण्याच्याच बाबतीत रेशनकार्ड का मागता? युरोव्हिजन १९५६ साली स्वित्झर्लंडमधल्या लुगानो गावात सात देशांनी सुरू केली. पुढे १९७४ मध्ये 'आबा' तिथूनच जगाला कळले, १९८८ मध्ये सेलीन दियाँ तिथे स्वित्झर्लंडसाठी गाऊन जिंकली, आणि ती मुळची कॅनडाची! २०१५ पासून ऑस्ट्रेलिया त्यात गातोय. नकाशा समोर ठेवून बसलात तर डोकंच फिरेल. आणि २०२३ पासून तर भाग न घेणाऱ्या देशांतल्या लोकांनाही ऑनलाइन मत देता येतं. ती सगळी मतं एकत्र करून एका देशाच्या मतांइतकी धरली जातात. म्हणजे शनिवारी मध्यरात्र उलटल्यावर साडेबाराला फायनल सुरू होते, पहाटे चारच्या पुढे संपते, आणि तेवढ्या वेळात श्रावण यशवंते चौकातला माणूस मोबाइलवरून त्या निकालात आपला खडा टाकू शकतो. मताला पैसे पडतात, कार्डावरून कापले जातात. माझ्या खिशातून पैसे गेले की माझा संबंध सुरू झाला. याहून जास्त संबंध आणखी कोणता हवा?

आणि काका, संबंध त्याआधीचाही आहे, तुम्ही विसरलात. डिसेंबर २००७. जाकार्ता. 'एशियन आयडल' नावाची स्पर्धा झाली. भारत, इंडोनेशिया, मलेशिया, सिंगापूर, फिलिपीन्स आणि व्हिएतनाम, अशा सहा देशांतल्या आयडल-विजेत्यांना एका मंचावर उभं केलं होतं. भारताकडून कोण गेलं होतं? मुंबईचा अभिजीत सावंत. २००५ च्या मार्चमध्ये पहिला 'इंडियन आयडल' जिंकलेला आपला मराठी मुलगा देशासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धेत गायला. जिंकला सिंगापूरचा हादी मिर्झा. मी तेव्हा शाळेत होतो. २००५ च्या जल्लोषाच्या गोष्टी घरोघरी आजही निघतात. पण २००७ चं? विचारा आजूबाजूला. दहातल्या नऊ जणांना अशी स्पर्धा झाली हेच ठाऊक नसतं. मराठीत तिच्याबद्दल चार ओळींपलीकडे काही वाचलेलं तुम्हाला तरी आठवतंय का?

आता बघा, या स्पर्धेत किती विचारण्यासारख्या गोष्टी होत्या. मतदान एसएमएसने होतं आणि एका संदेशात दोन नावं द्यावी लागत, एकच नाव दिलं तर मत बाद. हा नियम वरवर किरकोळ वाटतो. पण जरा विचार केला तर लक्षात येतं, की पहिलं नाव प्रत्येक जण आपल्या देशाचं देणार. मग खरी लढाई दुसऱ्या नावावर! मलेशियातला प्रेक्षक दुसरं नाव कोणाचं देईल? जो त्याच्या भाषेत गातो त्याचं. हादी मिर्झा मलय भाषेत गायला. सिंगापूर, मलेशिया, इंडोनेशिया, तिन्हीकडे ती किंवा तिची सख्खी बहीण बोलली जाते. हिंदीत गाणाऱ्या अभिजीतला दुसरं मत देणारा शेजारी त्या सहांत कोण होता? हा माझा तर्क आहे, पुरावा नाही, आणि पुरावा मागायला तेव्हा मराठीत कोणी उभंच नव्हतं. सप्टेंबर २००७ मध्ये प्रशांत तमांग 'इंडियन आयडल' झालेला असताना डिसेंबरमध्ये २००५ चा विजेता का गेला, निवड कोणी आणि कशी केली, हेही कोणी धड समजावून सांगितलं नाही. जिंकला असता तर मिरवणूक निघाली असती. हरला, म्हणून नोंदसुद्धा नाही. आपल्याला निकाल हवा असतो, बातमी नको असते.

आता नाक मुरडणारा मित्र. "असल्या स्पर्धांत गाणं असतं कुठे?"

कबूल, पुष्कळदा नसतं. धूर असतो, दिवे असतात, रडणं असतं, त्यामागे वाजणारी व्हायोलिनं असतात. पण मित्रा, मी गाण्याचं समीक्षण लिहायला बसलेलोच नाही. मला मताबद्दल लिहायचंय. गाणं भिकार असलं तरी त्यावर मागितलेलं मत खरं असतं आणि त्या मताला लागलेले पैसेही खरे असतात.

आणि परिणाम तर अगदीच खरे. त्याच २००७ चं उदाहरण घ्या. प्रशांत तमांग दार्जिलिंगचा, कोलकाता पोलिसांत शिपाई. समोर शिलाँगचा अमित पॉल. दोन्हीकडे वर्गण्या गोळा झाल्या, लोकांनी एसएमएससाठी बूथ टाकले. शिलाँगमध्ये खासी आणि बिगर-खासी यांच्यात वर्षानुवर्षं तेढ होती, तिथे एका बंगाली पोरासाठी सगळे एकत्र आले आणि मेघालय सरकारने त्याला आपला सदिच्छादूत केलं. तिकडे प्रशांत जिंकल्यावर दिल्लीतल्या एका रेडिओ निवेदकाने नेपाळी लोकांबद्दल आचरट शेरा मारला आणि सप्टेंबरच्या अखेरीस सिलिगुडीत दंगल पेटली. संचारबंदी लागली, लष्कर बोलवावं लागलं. प्रशांतच्या मतांची मोहीम चालवण्यात पुढे असलेले बिमल गुरुंग यांनी ऑक्टोबर २००७ मध्ये गोरखा जनमुक्ती मोर्चा स्थापन केला आणि दार्जिलिंगचं राजकारण उलटंपालटं झालं. गाण्याच्या स्पर्धेच्या मोहिमेतून एक राजकीय पक्ष उभा राहतो आणि आपण तिला "टाइमपास" म्हणून पान चारवर ढकलतो. यात थिल्लर कोण, स्पर्धा की आपण?

आता मूळ मुद्द्यावर येतो. तो सगळा आमच्या गल्लीत शिकलो.

आपल्याकडे गणपतीची वर्गणी मागायला पोरं येतात. एक्कावन्न रुपये द्या, पाचशे एक द्या, पावती फाडून हातात देतात. वर्षाअखेरीस अहवाल छापतात. त्यात मंडप किती, रोषणाई किती, बँजो किती, कार्यकर्त्यांचा चहा किती. देणगीदारांची यादी असते आणि आपलं नाव चुकीचं छापलं म्हणून भांडायला जाणारी माणसंही असतात. हिशेब तपासले जातात, नोंदणी असलेल्या मंडळाला ते धर्मादाय आयुक्तांकडे द्यावे लागतात. सगळी मंडळं धुतल्या तांदळासारखी असतात असं माझं म्हणणं नाही, मी इथेच वाढलोय. पण विचारण्याचा हक्क सगळे मानतात. "हिशेब दाखवा" म्हटलं की अध्यक्षांच्या कपाळाला आठ्या पडतील, पण "तुमचा काय संबंध" असं ते म्हणू शकत नाहीत. का? तुमच्याकडे पावती आहे.

आता टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा घ्या. त्या काळी प्रत्येक एसएमएसला नेहमीपेक्षा जास्त दर लागायचा. आमच्या गिरणगावातल्या घराघरांतून बाबांच्या मोबाइलचा बॅलन्स त्यात संपलाय. त्याबदल्यात काय मिळालं? "आपल्या मताबद्दल धन्यवाद." बस्स. कोणाला किती मतं, किती राज्यांतून, एका नंबरवरून किती, परीक्षकांच्या गुणांना वजन किती? बहुतेक कार्यक्रमांत विजेत्याचं नाव कळलं, तक्ता कधी कळला नाही. एक्कावन्न रुपयांचा हिशेब मागणारे आपण कोट्यवधी संदेशांच्या हिशेबाबद्दल गप्प बसलो.

अगदीच कोणी विचारलं नाही असं नाही. २००७ च्या 'कौन बनेगा करोडपती'त प्रेक्षकांसाठी एसएमएसची एक स्पर्धा होती, संदेशाला २ रुपये ४० पैसे. एक ग्राहक संस्था राष्ट्रीय ग्राहक आयोगात गेली. म्हणणं असं, की बक्षिसाचे पैसे लोकांच्याच संदेशांमधून काढले जातात आणि हे लोकांना सांगितलं जात नाही. २००८ मध्ये आयोगाने वाहिनी आणि मोबाइल कंपनीला एक कोटीचा दंडात्मक भुर्दंड सुनावला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. न्यायालयाचा निकाल शिरसावंद्य, त्यावर माझी तक्रार नाही. मला खटकतं ते वेगळंच. असे प्रश्न विचारायला दर वेळी वकील का लागावा? त्या बारा वर्षांत रोज टीव्हीसमोर बसणाऱ्या चाहत्यांनी काय केलं? आम्ही फ्लेक्स लावले.

आणि दुसरीकडे बघा. युरोव्हिजनमध्ये फायनल संपली की कोणत्या देशाने कोणाला किती गुण दिले याचा पूर्ण तक्ता जाहीर होतो. २०१६ पासून परीक्षकांचे आणि प्रेक्षकांचे गुण वेगळे दिसतात. २०१४ पासून प्रत्येक परीक्षकाने लावलेला क्रमसुद्धा प्रसिद्ध होतो. आपल्या देशाला मत देता येत नाही, हा नियम १९५७ पासून ठणठणीत लिहिलेला. ती मंडळी संत आहेत का? मुळीच नाही! २०२२ मध्ये दुसऱ्या उपांत्य फेरीत सहा देशांच्या परीक्षकांनी एकमेकांनाच वरच्या क्रमांकांवर बसवल्याचं उघड झालं. त्यांचे गुण बाद झाले आणि त्यामागची कारणं आयोजकांना जाहीर निवेदनात मांडावी लागली. २०२५ च्या निकालानंतर स्पेन आणि बेल्जियमच्या प्रसारण संस्थांनी मतदानाबद्दल प्रश्न विचारले. त्या वर्षाअखेरीस आयोजकांनी २०२६ साठी एका कार्डावरून देता येणारी मतं २० वरून १० वर आणली. तिथेही फोनवरच्या मतांचे कच्चे आकडे देत नाहीत, फक्त गुण देतात, आणि त्याबद्दलही भांडायलाच हवं. पण भांडायला तक्ता तरी हातात आहे! आमच्या धंद्यात म्हणतात, लॉग नसेल तर बग सापडत नाही. युरोव्हिजनमध्ये बग आहेत. आपल्याकडे लॉगच नाही.

आता हापिसातला मित्र आणि त्याचं मॉनेटायझेशन.

उत्तर सोपं आहे: नाही करणार. डोमेन आणि जागेचा वर्षाचा खर्च आम्हा तिघांच्या एका हॉटेलातल्या जेवणाएवढा. पानं साधी आहेत, तक्ते साध्या फायलींत आहेत, भपका नाही. राहता राहिले श्रम. अरे, आमच्याकडे माणसं महिनाभर रात्री जागून मंडपाचे बांबू बांधतात, त्यांना कोणी "रेव्हेन्यू मॉडेल काय" असं विचारत नाही. ज्या गोष्टीवर जीव आहे तिच्यासाठी माणूस फुकट राबतो, हे या वस्तीला समजावून सांगावं लागत नाही. आयटी पार्कात मात्र स्लाइड दाखवून सांगावं लागतं.

उरल्या त्या बाई. "चाहते बातम्या देत नाहीत, प्रचार करतात."

हा आक्षेप दणकट आहे, कारण तो बराचसा खरा आहे. चाहत्यांची पानं उघडून बघा. आपल्या गायकाचे फोटो, "भाऊंना भरभरून मतं द्या", समोरच्याच्या आईबहिणीचा उद्धार, आणि वाहिनीने पाठवलेली जाहिरात बातमी म्हणून जशीच्या तशी डकवलेली. ही फुकटची जनसंपर्क कचेरी झाली. तिला माझाही विरोध आहे, बाईंच्या बरोबरीने.

पण बाई, यातून "म्हणून चाहत्यांनी लिहू नये" हा निष्कर्ष कसा निघतो? मग लिहायचं कोणी? ज्या वाहिनीवर स्पर्धा दिसते तिने? तिच्या पानभर जाहिराती छापणाऱ्या वर्तमानपत्राने? रात्री एक वाजता चाळीस पानांची नियमावली शेवटच्या ओळीपर्यंत कोण वाचतो? पगारावर काम करणारा मनोरंजन-प्रतिनिधी वाचत नाही, त्याला सकाळी दुसऱ्या सिनेमाच्या पत्रकार परिषदेला जायचं असतं. वाचतो तो वेडा चाहताच.

आणि हे होऊ शकतं याची उदाहरणं आहेत. सीत्से बाकर नावाच्या डच पोराने २००० साली 'ईएससी टुडे' नावाचं युरोव्हिजनच्या बातम्यांचं संस्थळ सुरू केलं. विल्यम ली अ‍ॅडम्स या अमेरिकन पत्रकाराने २००९ मध्ये लंडनमधून 'विवीब्लॉग्ज' सुरू केलं. अमेरिका त्या स्पर्धेत गातच नाही, काका, ऐकताय ना? आज तिथल्या पत्रकार कक्षात चाहत्यांच्या संस्थळांना रीतसर प्रवेश मिळतो.

पण गोष्टीची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर बाई म्हणतील बघा, प्रचार सुरू. तोच सीत्से बाकर पुढे आयोजकांकडे कामाला लागला आणि २०२१ मध्ये रॉटरडॅमच्या स्पर्धेचा कार्यकारी निर्माता झाला. त्याच्या कर्तृत्वाला सलाम. पण प्रत्येक चाहता-बातमीदारासमोर हेच आमिष असतं. आज प्रवेशपत्र, उद्या कलाकाराबरोबर सेल्फी, परवा नोकरी. ज्याला आत जायचंय त्याचे प्रश्न हळूहळू मऊ होतात. पैशांपेक्षा ही लाच जास्त चढते. प्रेमाने दिलेली असते ना!

म्हणून आम्ही सुरुवातीलाच काही गोष्टी ठरवून पहिल्या पानावर लिहिल्या आहेत. कोणालाही मत द्या असं आवाहन आम्ही करणार नाही, समोर मराठी गायक असला तरी नाही. लिहिणाऱ्याचा आवडता गायक कोण, हे लेखाखाली छापलेलं असेल. आयोजकांकडून तिकीट, भेट, चहाचा कपसुद्धा घेतला तरी तो जाहीर होईल. प्रत्येक स्पर्धेच्या बातमीआधी तिचे मतदानाचे नियम सोप्या मराठीत येतील: मताला किती पैसे, एकाला किती मतं, परीक्षकांचं वजन किती, तक्ता जाहीर होतो की नाही. होत नसेल तर तक्त्याची जागा रिकामी ठेवू आणि त्यात लिहू, "आयोजकांनी आकडे दिलेले नाहीत." आमची चूक निघाली तर ती गुपचूप पुसणार नाही. जुनं वाक्य, नवं वाक्य आणि तारीख, तिन्ही तिथेच दिसतील. आणि हरलेल्यांची नोंद जिंकलेल्याइतकीच सविस्तर राहील.

"मराठी गायक असला तरी नाही" यावर आमच्या तिघांतच जोरदार भांडण झालं. बँकवाल्याचं म्हणणं, आपल्या माणसाला आपण नाही तर कोण पाठिंबा देणार? माझं उत्तर असं: पाठिंबा दे ना! तुझ्या कार्डावरून दे, गच्चीवर पडदा लाव, नाच, घसा बसेपर्यंत ओरड. पण ज्या पानावर आपण मतांचा तक्ता छापतो त्या पानावर नको. मंडळाचा खजिनदारही गणपतीसमोर नाचतोच की, पण हिशेबाच्या वहीत गुलाल उधळत नाही. आपला माणूस हरला तर तो कसा हरला हे कळण्यासाठी, आणि जिंकला तर समोरच्याला बोट दाखवता येऊ नये यासाठी, ही वही कोरडी लागते. सिलिगुडीत ज्यांची दुकानं जळाली त्यांना विचारा, अशा वेळी कोरडा कागद किती कामाचा असतो.

पहिलं काम म्हणून 'एशियन आयडल २००७'चं पान हाती घेतलंय. सहा देश, सहा गायक, दोन नावांचा नियम, निकाल. त्या वेळची वर्तमानपत्रांची कात्रणं, कार्यक्रमाची जुनी माहितीपत्रकं असं काही कोणाच्या माळ्यावर पडलं असेल तर कळवा, मी स्वतः येऊन स्कॅन करून परत देईन. हार्बर लाइनवर असाल तर त्याच दिवशी.

आणि बाई, तुम्हाला एक विनंती. पहिल्या दहा लेखांचं संपादन तुम्ही करा. जिथे प्रचार दिसेल तिथे लाल रेघ मारा. मानधन म्हणून चहा मिळेल, आणि तो कप पहिल्या पानावर जाहीर केला जाईल.

असो. बराच तापलो. पुढच्या वीकांती भेटू.